मालकाचा रकाना

"उघडत का नाही हे?" साहेबांनी तिसऱ्यांदा माऊस दाबला.

भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर पुन्हा तीच पाटी आली: ही फाईल उघडण्याची तुम्हाला परवानगी नाही. समोर चार पाहुणे बसले होते. साहेबांच्या पुलाला पारितोषिक मिळालं होतं आणि पाहुण्यांना मूळ आराखडे पाहायचे होते. सर्व्हर सांभाळणाऱ्या बाई दाराशी उभ्या होत्या, आपण त्या गावच्याच नाही असा चेहरा करून. मनात मात्र आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

पूल साहेबांचा नव्हताच. तो बाईंच्या नवऱ्याने काढला होता, याच कचेरीत, दोन वर्षं खपून. पूल उभा राहायच्या आत तो हृदयविकाराने गेला आणि साहेब आयत्या बिळावर नागोबा होऊन बसले.

कचेरीत यंत्रं दोन जातींची. आराखडे काढणारी यंत्रं माणसाला नावाने ओळखत, गणितं करणारी आकड्याने. फाईली मात्र सगळ्यांच्या एकाच सामाईक स्टोरेजवर. कुठला आकडा म्हणजे कुठलं नाव, याचं एक कोष्टक असे आणि त्याच्याकडे बाईंशिवाय कुणी फिरकत नसे. नवऱ्याचा आकडा होता एक हजार त्रेचाळीस. तो जाऊन पंधरा दिवस झाले नाहीत तोच साहेब टेबलाशी आले.

"त्याच्या फाईली अडकून पडल्यात हो. तो आकडा माझ्या नावाला जोडून टाका."

बाईंचं डोकं तेव्हा ठिकाणावर नव्हतं. त्यांनी मुकाट्याने जोडला. त्या दिवसापासून चारशे बारा फाईलींपुढे, मालकाच्या रकान्यात, साहेबांचं नाव दिसू लागलं. बाईंनी ते सहा वर्षं पाहिलं आणि सहा वर्षं दातओठ खाल्ले.

गेल्या आठवड्यात नवं स्टोरेज आलं. कोष्टक पहिल्यापासून लिहायचं होतं. बाईंनी खरं ते लिहिलं. साहेबांना सांगितलं नाही. पाहुणे कुठल्या दिवशी येणार, ते मात्र नीट विचारून घेतलं.

"बाई, बघा जरा काय झालंय!"

बाईंनी फाईलींची यादी पडद्यावर आणली. वरपासून खालपर्यंत एकच नाव.

"हे कोण?" पाहुण्यांतल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारलं.

"माझे मिस्टर. पूल त्यांनी काढलाय."

साहेबांचा चेहरा खर्रकन उतरला. "अहो, तांत्रिक काहीतरी असणार. बाई, जोडा ना परत माझ्या नावाला."

"जोडलं असतं की. पण आता नियम झालाय, साहेब, तुमच्याच सहीचा. दुसऱ्याच्या फाईलीसाठी लेखी अर्ज लागतो. फाईल कुणाची, ते नावानिशी लिहायचं."

म्हाताऱ्या गृहस्थांनी खिशातलं पेन काढून साहेबांपुढे ठेवलं.

साहेबांनी लिहिलं. बाईंनी वाचून कागद परत दिला. "'आमच्या विभागाच्या फाईली' नाही चालणार. त्यांचं पूर्ण नाव घाला." साहेबांनी घातलं. तारीख राहिली होती, तीही बाईंनी घालायला लावली. मग त्यांना परवानगी दिली, फक्त बघण्याची. एक रेघही बदलण्याची नाही. सहा वर्षांत बाईंना इतकं गोड काही लागलं नव्हतं.

घरी आल्यावर त्यांनी सासूबाईंना सगळं सांगितलं. साहेबांच्या तोंडाचं वर्णन तर म्हातारीने दोनदा करायला लावलं.

"बरी खोड मोडलीस मेल्याची," त्या म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "आता माझ्या लेकाचं नाव कुणाला पुसता नाही ना येणार?"

बाई जेवणाचा डबा घासत होत्या.

"येतं, आई," त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या. "मागच्या वेळी मीच पुसलं होतं."

हे त्यांनी घरात कधी बोलून दाखवलं नव्हतं. सासूबाई गुडघ्यांवर हात टेकून उठल्या, सुनेच्या हातातला डबा काढून घेतला आणि स्वतः घासू लागल्या.