पोनोची शिट्टी

नोहेआच्या पिशवीतलं केळं हाउनानी मावशीनं काढलं आणि सोलून स्वतःच खाऊन टाकलं. पाण्यावर केळं नेत नाहीत, अपशकुन होतो, हे मोलोकाई बेटावर शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. बाकी सामान चोख होतं: प्यायचं पाणी, लांब बाह्यांचा सदरा, टोपी, पाणी न शिरणाऱ्या पाकिटात फोन. लाइफ जॅकेटच्या गळ्याशी बांधलेली केशरी शिट्टीकडं मात्र मावशीनं पाहूनही न पाहिल्यासारखं केलं. ती पोनोची होती.

पोनो नोहेआचा भाऊ. गेल्या वर्षी याच दिवशी तो पॅडलबोर्ड, उभ्यानं वल्हवायची फळी, घेऊन समुद्रात गेला. कुठं, ते कुणालाच सांगितलं नाही. शिट्टीही घरीच राहिली. नंतर नुसती फळी परत आली. पायाला बांधायची दोरी तिला तशीच होती, फक्त घोट्याचा पट्टा उघडलेला.

"समोरच्या छोट्या बेटापर्यंत जाते," नोहेआ म्हणाली. "पोनोसाठी हार सोडते आणि जेवायला परत येते."

"हळू बोल गं. फिरायला जाते म्हणावं, बस. त्याला कान आहेत." मावशीनं समुद्राकडं पाहिलं, चोंबड्या शेजारणीकडं पाहावं तसं.

"न सांगण्यापायीच पोनो सापडला नाही, मावशी." आणि नोहेआनं मुद्दाम, सगळ्या किनाऱ्याला ऐकू जाईल असं पुन्हा सांगितलं.

मावशीनं वाकून नोहेआच्या घोट्यावरचा पट्टा दोनदा ओढून पाहिला. "वारा फिरला तर उभी राहू नकोस. गुडघ्यांवर बस आणि शिट्टी वाजव."

बेटापाशी हार पाण्यात सोडला आणि पाऊस कोसळला. किनारा कुठल्या बाजूला, तेच कळेना. नोहेआ गुडघ्यांवर बसली आणि तीनदा शिट्टी वाजवली.

लगेच तीन शिट्ट्या परत आल्या. जवळून, तशाच घोगऱ्या. तिचा जीव भांड्यात पडला. हा आवाज तिच्या ओळखीचा होता. पोनोच तो, दुसरं कोण असणार? तिला रडू फुटलं. ती तिकडं भराभर वल्हवू लागली. पुन्हा तीन वाजल्या. या वेळी तिनं वाजवलीच नव्हती.

हनुवटीला काहीतरी टोचलं. पोनोची शिट्टी. ती इथं होती, तिच्या गळ्याशी. आणि पोनो गेला त्या दिवशीही ती घरीच होती.

वल्हं थांबलं. तेवढ्यात पाठीमागून होडीच्या इंजिनाची घरघर आली, आणि मावशीचा चढा सूर: "अळकुड्यांची पोई सुकत चाललीय. कुणी जेवायला येतंय, की डुकरांना घालू?"

नोहेआचं नाव मावशीनं मुद्दामच घेतलं नाही. नोहेआ त्या आवाजाकडं वळली. शिट्टी मागं वाजतच राहिली, आधी जवळ, मग रुसल्यासारखी लांब. नोहेआनं वळून पाहिलं नाही.

"बेट सांगितलंस म्हणून सरळ आले," किनाऱ्यावर मावशी म्हणाली. "पुढच्या वेळीही सांग. पण माझ्या कानात."

नोहेआ दोरी सोडायला वाकली. घोटा मोकळाच होता. उघडलेला पट्टा फळीमागं वाळूत लोळत होता.

"पोनो होता का गं तो?"

मावशीनं पट्टा उचलून वाळू झटकली.

"पोनो असता तर त्यानं हा घट्ट केला असता."