खुशबूच्या टकुऱ्याची फिल्म

मी एमआरआयची फिल्म बोलून राहिली आहे. शाळेची पायरी मी चढले नाही, पण मोठमोठे डॉक्टर मला वाचतात, हा माझा तोरा!

जन्म माझा गोंदियातला. नवेगाव बांधची सात वर्षांची खुशबू ठकठक करणाऱ्या नळीत दगडासारखी निपचित पडून राहिली, तेव्हा मी निघाले. तिच्या डोक्यात वाटाण्याएवढी गाठ आहे, चाल गोगलगायीची. दर सहा महिन्यांनी ती मोजतात. वाढली नाही तर नुसती नजर ठेवायची. वाढली तर डोकं उघडायचं. तिच्या आईच्या, अल्काच्या, मनात दुसरा विषयच नाही.

नागपूरच्या डॉक्टरांकडे जायला आठ दिवस होते. तेवढ्यात मी अख्ख्या मोहल्ल्यात मिरवले. शेजारच्या चुन्नीलालने मला उन्हात उलटं धरलं.

"बाप्पा! पोरीच्या टकुऱ्यात तर फुलकोबी भरून आहे!"

"तुमच्यात तर तेबी नसन, बाबा," खुशबू म्हणाली.

आजी रुख्मिणीबाई भडकली. "साऱ्यायची नजर लागन ना पोरीच्या टकुऱ्याले!" निघायच्या सकाळी तिनं माझ्यावरून मिरच्या ओवाळल्या आणि गुपचूप माझ्यावरच्या डोक्याच्या एका चित्रावर काजळाची तीट लावली. मला गुदगुल्या झाल्या. म्हटलं, आता गंमत!

डॉक्टरांनी मला उजेडाच्या काचेवर लावलं. चष्मा वर केला, खाली केला.

"हा काळा ठिपका मागच्या वेळी नव्हता."

अल्काचा हात खुशबूच्या वेणीवर होता, तो तिथंच थिजला. तिचा चेहरा पाहून माझी सारी मस्ती उतरली. ओरडले मी, पण फिल्मचं कोण ऐकतं!

सोबत आलेली आजीच बोलली, "काऊन घाबरता, साहेब? मीच लावली तीट. पुसून पाहा."

डॉक्टरांनी बोट फिरवलं. बोट काळं, मी साफ. मग जुनी फिल्म शेजारी लावून मोजलं.

"तेवढीच आहे. सहा महिन्यांनी या."

अल्का काचेजवळ सरकली. "अजून एक डाव मोजा ना, साहेब."

साहेबांनी मोजलं. तेवढीच.

"पाहा, कामी आली का नाही माही तीट!" आजी साऱ्या दवाखान्याला ऐकवत होती. डॉक्टर बोट रुमालाला पुसत राहिले.

आता मी जुन्या बहिणींसोबत गादीखाली पडून आहे. वरून खुशबू उड्या मारते, माझी कंबर मोडते. मोडू दे. माझं मागणं एकच: पुढच्या खेपेची बहीण हुबेहूब माझ्यासारखी निघो. नवीन काही दाखवायची हौस तिला नको. ती तुमच्या हाती आली तर खुशाल जांभई द्या, "पुन्हा तेच?" म्हणा. आमच्या घरात याहून मोठी तारीफ नाही.