जावा आणि गोपनीय पाकीट

अहेरीच्या संगणक केंद्राचे मालक वामनराव म्हणजे लाकूड डेपोतले रिटायर हेडक्लार्क. डेपोत एकदा वाघ शिरला, तर यांनी आधी त्याची आवक रजिस्टरात नोंद घेतली अन् मग पळाले. वाघही बिचारा सही होईपर्यंत थांबला होता म्हणे. खोटं वाटत असेल तर वाघाला विचारा.

अशा माणसाच्या हाती केंद्रात शिकणाऱ्या रिनाचं वर्ष होतं. गुरुवारी बाहेरचे परीक्षक येणार, त्यांच्यासमोर जावा या संगणकाच्या भाषेत लिहिलेला प्रोग्राम चालवून दाखवायचा, नाहीतर नापास. आणि केंद्रातल्या एकाही मशीनवर जावा नाही. सोमवारी तिनं जावाची सीडी घातली. मशीन म्हणालं, तुम्हाला अधिकार नाही, ॲडमिनिस्ट्रेटरला भेटा.

"ॲडमिनिस्ट्रेटर मीच," वामनराव खुर्चीत फुगले. "अर्ज कर. दोन प्रतीत."

रिनानं केला. वामनरावांनी तो स्वतः स्वीकारला, स्वतःकडेच शिफारशीसह पाठवला, दिवसभर स्वतःच्या उत्तराची वाट पाहिली, आणि मंगळवारी शिक्का मारला: मंजूर. सही एवढी लांब की शेपटी आलापल्लीच्या नाक्यावर सापडावी. मंजुरीचा कागद त्यांनी मॉनिटरसमोर धरला. मशीननं पासवर्ड मागितला.

"टाका ना भाऊ."

वामनरावांनी कपाटातून लाखेचं सील लावलेलं पाकीट काढलं. मशीन बसवून गेलेल्या नागपूरच्या इंजिनिअरनं पासवर्ड आत ठेवून वर लिहिलं होतं, 'गोपनीय'.

"मग फोडा."

"गोपनीय पाकीट वरिष्ठांच्या आदेशाशिवाय फोडता येत नाई."

"तुमचे वरिष्ठ आता कोन हाय?"

"रिटायर झाल्यावर कोनीच नाई!" हे त्यांनी छाती काढून सांगितलं आणि पाकीट कपाटात ठेवून कुलूप लावलं.

रिनाला हसूही येईना. पण घरी जाता जाता तिच्या लक्षात आलं, बंदी आहे ती मशीनवर काही बसवायला. आपल्या स्वतःच्या फोल्डरात काही ठेवायला कोण अडवतो? बुधवारी सकाळच्या एसटीनं ती चंद्रपूरला गेली. मावसभाऊ राजदीपच्या मशीनवर बसलेलं जावाचं अख्खं फोल्डर सीडीवर उतरवून घेतलं, आणि संध्याकाळी केंद्र बंद व्हायच्या आत आपल्या खात्यात नुसतं ठेवून दिलं. मशीनला हुकूम द्यायच्या काळ्या खिडकीत त्या फोल्डराचा पूर्ण पत्ता टाइप केला. जावा मुकाट्यानं कामाला लागलं.

गुरुवारी परीक्षकांसमोर प्रोग्राम चालला आणि वामनराव ताडकन उठले.

"हा विनापरवाना माल हाय! जप्त!"

"करा ना," रिना म्हणाली. "माह्या खात्यातलं तुमच्या खात्यातून नाई निघत. ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड लागते त्याले."

परीक्षकांना दोनची बस गाठायची होती. त्यांनी गुण दिले, सही केली आणि निघाले. रिना पास.

वामनराव मात्र डेपोतला लाकूडजप्तीचा जुना छापील पंचनामा घेऊन तिच्यासमोर बसले.

"मालाची लांबी?"

"नाई."

"घेर?"

"नाई."

"मंग जप्त काय करू मी?"

रिनानं सीडी पिशवीत टाकली. "पोकळ लिहा भाऊ. डेपोत आतून खाल्लेल्या लाकडाले चालते."

आणि त्यांनी खरंच लिहिलं.