स्वच्छ वावर

निंबाभाऊच्या केळीच्या वावरात वाळकं पान शोधून सापडायचं नाही. शिरपूरकडच्या त्या तापीकाठच्या गावात वावर स्वच्छ ठेवायची चढाओढच लागली होती. घड कापला की खोड, पाला सगळं बांधावर ओढायचं आणि काडी लावायची. ट्रॅक्टर आला तशी बैलजोडी गेली, शेणखतही गेलं.

एक्क्याण्णव साली नवी पानं पिवळी येऊ लागली, शिरा तेवढ्या हिरव्या. लोह कमी पडलं असं कोणी म्हणालं, म्हणून निंबाभाऊने पोत्यांनी हिराकस टाकली. पिवळं ते पिवळंच राहिलं.

"जमीन मरी गई," त्याने जाहीर केलं आणि वरची हातभर माती तोतारामच्या वीटभट्टीला द्यायचं कबूल करून मोकळा झाला. सोमवारी खोदायला यायचं ठरलं.

त्याच्या बायकोचं, यशोदाबाईचं, डोकंच फिरलं. वावरातल्या जुन्या उकिरड्याच्या कोपऱ्यातल्या चार केळी हिरव्यागार उभ्या होत्या, त्या याला दिसत नव्हत्या का? शनिवारी तिने दोन्हीकडची माती दोन पिशव्यांत बांधली आणि एसटीने धुळ्याला नेली. तिथल्या माती तपासणीच्या प्रयोगशाळेतल्या ओळखीच्या साहेबांनी ती तिच्यासमोरच तपासली.

"बाई, लोह दोन्हीकडे सारखंच आहे," ते म्हणाले. "पण तुमच्या चुनखडीच्या जमिनीत ते घट्ट धरलेलं असतं. मातीतले बारीक जीव ते सोडवून मुळांना देतात. त्यांना खायला कुजकं लागतं. उकिरड्यात ते आहेत, बाकी वावरात उपाशी मेले."

परतीच्या वाटेवर ती धुमसत होती. राग नवऱ्याचा होता, तसा स्वतःचाही होता. कितीदा तरी काडी तिनेच लावली होती.

वावराशी आली तर ट्रॉली भरलेली. सोमवारची खोदाई तोतारामने आजच सुरू केली होती. चार हिरव्या केळी आडव्या पडल्या होत्या आणि खणलं होतं ते नेमकं त्या कोपऱ्यात.

"अक्का, आठली माती भुसभुशीत शे, फावडं पट्कन जास," तोताराम म्हणाला.

यशोदाबाई ट्रॉलीत चढली आणि मातीवर बसली.

"मारी टाकी तुम्हीन, आनि मेली म्हनी तिलेच बदनाम करतस!" ती नवऱ्यावर ओरडली. "ही माती बठ्ठ्या झाडेसना बुडमा टाका. तवलोंग मी उतरस नही!"

बांधावर माणसं जमली. तोतारामने ट्रॅक्टर बंद केला. निंबाभाऊने खालमानेने घमेलं उचललं आणि पिवळ्या झाडांच्या बुडाशी माती टाकू लागला. ट्रॉली रिकामी झाली तेव्हा कुठे ती खाली उतरली आणि तोडलेल्या केळींकडे बोट दाखवलं.

"ह्या बी मझार ओढा. तोडीसन तठेच कुजू द्या."

"वावर घान दिसी," तो पुटपुटला.

"दिसू द्या!"

सगळ्या गावादेखत निंबाभाऊ ती चार हिरवी खोडं आपल्या स्वच्छ वावराच्या मधोमध ओढत राहिला.