कुलपाआडचा गारठा

मित्रांनो, लांबून पाहिलंत तर मी तुम्हाला लोखंडी छत्रीच वाटेन. मी आहे गॅसवर चालणारा एक जुना हीटर. उघड्यावर बसणाऱ्यांना ऊब मिळावी म्हणून मला घडवलं. उमेदीची वर्षं मी हायवेलगतच्या एका लग्नाच्या लॉनवर काढली. लोक माझ्याभोवती खुर्च्या ओढून बसत, माझं कौतुक करत. पुढे लॉन बंद पडलं आणि मी भिंतीकडेला गंजत उभा राहिलो.

तिथून मला मृणालिनीताईंनी आणलं. जेसल पार्कात राहणाऱ्या या निवृत्त बाईंनी काशीगावात भटक्या कुत्र्यांसाठी निवारा सुरू केला होता. जागा राघोदादांची. त्यांनी आपल्या अंगणाची एक बाजू आपणहून दिली होती. गेल्या डिसेंबरात तिथे पाच पिल्लं आली. त्यांची आई गाडीखाली गेली होती. त्यांचे डोळेही उघडले नव्हते. डोंगराकडून झोंबरा वारा येई आणि निवाऱ्याच्या शेडमध्ये वीज नव्हती. मला साफसूफ करून, नवी नळी जोडून तिथे उभं केलं. मी रात्रभर मोठ्या आचेवर जळू लागलो.

पण पहाटेच्या सुमारास माझी आच मंदावायची. सिलिंडरात गॅस द्रवरूपात असतो. त्याची वाफ व्हायला ऊब लागते, आणि ती सिलिंडर भोवतालच्या हवेतून घेतो. एकट्यावर एवढा भार पडला की त्याला ती पुरत नसे. तो गारठून जाई, दमट हवेमुळे त्याच्या अंगावर पांढरं हिम धरे, आणि आतला गॅस आतच राही. मला सगळं कळत होतं, पण सांगणार कसं?

ज्योत विझायला आली की राघोदादा अंधारातच चाचपडत सिलिंडर बंद करत. मृणालिनीताई येईपर्यंत ऊन चढलेलं असे आणि हिम वितळून गेलेलं असे.

"राघोदादा, सिलिंडर तुम्ही बंद केलात?"

"हां. ज्योत मरत व्हती."

"नवाच होता तो. इतक्यात संपला?"

"मना काय ठाव, ताई."

ताईंची नजर राघोदादांच्या स्वयंपाकघराकडे वळली. घरात लेकीचा साखरपुडा होता, दिवसभर फोडणीचे वास येत होते. ताईंनी वजन न बघताच सिलिंडर बदलून घेतला. पुन्हा तेच झालं. मग त्या राघोदादांच्या हातातल्या पिशवीकडेही निरखून पाहू लागल्या. जिजाबाई, म्हणजे राघोदादांची बायको, चहा घेऊन आल्या, तर ताई म्हणाल्या, "नको, घेऊन आलेय."

एके दिवशी त्यांनी पत्र्याची पेटी करून आणली. चालू सिलिंडर आणि जादाचा सिलिंडर दोन्ही आत ठेवले, वर गोणपाट दाबून बसवलं आणि कुलूप लावलं. किल्ली पर्समध्ये टाकली. राघोदादा ओट्यावरून हे बघत होते. सिलिंडरला मिळत होती तेवढीही हवा आता बंद झाली. मला धडकी भरली.

त्या रात्री गारठा वाढला. पहाट व्हायच्या आतच मी विझलो. राघोदादांनी कुलूप हलवून पाहिलं, ताईंना फोन लावला. तो लागला नाही. मग त्यांनी पिल्लं धोतरात घेतली आणि घराकडे धावले.

गारठा वाढलेला पाहून ताई त्या दिवशी उजाडतानाच आल्या. पिल्लांची टोपली रिकामी होती. "पिल्लंपण?" असं त्या स्वतःशीच पुटपुटल्या आणि तरातरा घरात शिरल्या. जिजाबाई चुलीजवळ बसल्या होत्या. मांडीवर गोधडीत चार पिल्लं होती. पाचवं बाजूला, फडक्याखाली होतं.

"याला न्हाय वाचवता आला," जिजाबाई म्हणाल्या.

ताई परत शेडमध्ये आल्या. त्यांनी कुलूप काढलं, गोणपाट ओढलं. सिलिंडर पांढराफटक पडला होता. त्यांनी तो उचलू पाहिला, तर जड होता. गॅस आतच होता. मागे राघोदादा येऊन उभे राहिले होते.

"दादा, मला वाटलं तुम्ही..."

"ठाव हाय. कुलूप कुत्र्यांसाठी न्हवता, ते कलला मना."

दुपारी गॅस एजन्सीचा माणूस आला. त्यानं दोन सिलिंडर एकत्र जोडून भार वाटून दिला. ते फळीवर, मोकळ्या हवेत उभे केले. "अंगावर काही गुंडाळू नका," त्यानं बजावलं. "हिम दिसलं तर हीटर बंद करा आणि थांबा. शेगडी जवळ नेऊ नका, उकळतं पाणीही ओतू नका."

आता मी सकाळपर्यंत नीट जळतो. चार पिल्लं माझ्यासमोर लोळतात. ताई रोज जिजाबाईंकडे चहा मागून घेतात. राघोदादा मात्र अजून त्यांच्याशी कामापुरतंच बोलतात.

मित्रांनो, आमची काळजी घ्या, आम्हाला मोकळी हवा द्या. आणि कधी ज्योत मंदावली, तर आधी सिलिंडरला हात लावून पाहा. माणसाकडे बोट दाखवायचं, ते त्यानंतर.