घाटी वाजली की डावीकडे

मी छकडा बोलतोय. मला गाडी म्हणू नका. गाडीत माणसं बसतात, ओझी जातात. माझ्यावर एकटा धुरकरी कासरा धरून कसाबसा टेकतो, आणि शंकरपटाच्या शर्यतीत बैलांमागे पळणं एवढंच माझं काम. निदान मी तसं समजत होतो. आता वलगावात एका गोठ्यामागे, पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्यांच्या, ढिगाखाली पडून आहे, तेव्हा मी नक्की कशासाठी होतो याची तितकीशी खात्री उरलेली नाही.

मला अकोल्याच्या वाहेद सुतारानं घडवलं. त्यानं माझी दांडी दोन बोटांवर तोलून दाखवली. "पुंजारामभाऊ, ये लकडी नाही, हवा हाय हवा. बैलाले समजनारच नाही का मागं काही हाय."

पुंजाराम हसला. त्याची बायको मनकर्णा हिनं माझ्या जुवाला कुंकू लावलं. पाखऱ्या आणि मोऱ्या हे दोन गोऱ्हे तिनंच भाकरीचे तुकडे चारून वाढवले होते. मला वाटलं, आपलं नशीब उघडलं.

पण ते साल कापसाचं होतं. सातासमुद्रापार कुठं तरी लढाई जुंपली होती आणि इकडे वऱ्हाडात कापसाला सोन्याचे दिवस आले होते. गावाबाहेर जे पडीक मैदान होतं, जिथं पिढ्यान्‌पिढ्या बैल पळवायला शिकवत, तेही नांगरून त्यात सरकी टोबली गेली. मोकळी म्हणावी अशी एकच जागा राहिली, अमरावतीला जाणारा रस्ता.

पुंजारामाचा थोरला भाऊ उत्तमराव म्हणाला, "लोकं गाद्या उसवून कापूस इकून राह्यले, आन् तुले बैलं पयवाचं सुचते?"

"भाऊ, भातकुलीचा पट होऊ द्या. जिंकलो तं जोडी पटाचीच राहीन."

"आन् हरला तं?"

"तं तुमी म्हनान तसं."

"हरला तं दुसऱ्या दिवशी बाजाराच्या गाडीले जुपतो. मंग रडू नको."

दिवसभर बैल शेतातून घरी कापूस आणत. सरावाला उरे ती दिवस मावळल्यानंतरची वेळ. आणि त्याच वेळी ऊन उतरल्यामुळे भरलेल्या गाड्या बाजाराच्या वाटेला लागत.

पहिल्या दिवशी पुंजारामानं माझ्या दांडीला कंदील बांधला. समोरून आरडाओरडा झाला. "कोन हाय रे तो दिवेवाला? कापूस हाय गाडीत, पेटवतं का आमाले? इझव आधी!" कंदील विझला तो कायमचाच. मग आम्ही अंधारात पळू लागलो. पळू लागलो हे म्हणायचं म्हणून. शंभर पावलं झाली नाहीत तोच पुढे गाडी. गाडी गेली की वेचणीहून परतणाऱ्या बाया. त्यांतली गोदाबाई एकदा म्हणाली, "पुंजारामभाऊ, बैलं पयवता का फिरवता?" बाया गेल्या की वाटेतच रवंथ करत बसलेली कुणाची तरी म्हैस.

आणि रस्त्याचा कायदा सगळ्यांना ठाऊक होता. भरली गाडी चाकोरी सोडत नाही, रिकाम्यानं खाली उतरायचं. अंधारात भरली कोणती ते कळावं म्हणून भरल्या गाडीच्या बैलाच्या गळ्यात मोठी घाटी असे. घाटी वाजली, मग ती समोरून असो की मागून, की रिकाम्यानं डावीकडे उतरून थांबायचं.

"सराव करून राह्यलो काका, जाऊ द्या ना!" पुंजाराम ओरडे.

"सराव तुह्या वावरात कर. उतर खाली!"

काळ्या मातीत माझी चाकं रुतत. पुंजाराम दात-ओठ खात कासरा डावीकडे ओढी आणि घाटी दूर जाईपर्यंत आम्ही चौघं अडकल्यासारखे उभे राहत असू.

काही दिवसांनी त्याला कासरा ओढावाच लागेना. घाटी ऐकू आली की बैल आपले आपणच उतरत आणि थांबत. पुंजारामानं पाखऱ्याची मान थोपटली. "कसा शाहाना झाला माहा राजा!"

मला मात्र ते खटकलं. हे शहाणपण पटात कसं चालेल? की मीच उगाच घाबरत होतो? सांगणार तरी कसं? कुरकुरणं एवढीच माझी भाषा. मी जीव तोडून कुरकुरलो. पुंजारामानं माझ्या आसाला वंगण लावलं.

भातकुलीच्या पटात आमच्या शेजारी चंद्रभानची जोडी आली. कापसानं त्याचं घर भरलं होतं. बैलांच्या अंगावर झुली, शिंगांना गोंडे, आणि गळ्यात हौसेनं बांधलेली भलीमोठी घाटी. जोडी उभी होती तोवर ती मुकी होती.

इशारा झाला. लोकांच्या गलक्यात आम्ही सुटलो. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यापुढे कुणी नव्हतं. गाडी नाही, माणूस नाही, म्हैस नाही. वाहेदचा शब्द खरा होता, मी हवा होतो. अर्ध्या मैदानापर्यंत आम्ही पुढे होतो. मनकर्णा ओरडत होती, "पाखऱ्या रे! मोऱ्या रे!"

तेवढ्यात चंद्रभानची जोडी जवळ आली, आणि त्या गलक्यातून मागून घाटी ऐकू आली.

दोघांचे कान एकदमच मागे गेले. ते अगदी नम्रपणे डावीकडे उतरले आणि थांबले. पुंजारामानं कासरा झटकला, हाका मारल्या, शेवटी गयावया केली. चंद्रभानची जोडी शेजारून निघून गेली. सगळं मैदान असं हसलं की विचारू नका.

उत्तमराव हसला नाही. "उद्या जुपतो," एवढंच म्हणाला.

आता तशीच मोठी घाटी पाखऱ्याच्या गळ्यात आहे. दिवस मावळला की भरली गाडी या गोठ्यावरून जाते. पुंजारामाचा आवाज ऐकू येतो, "भरली हाय! उतर खाली!" आणि सगळा रस्ता त्यांच्यासाठी रिकामा होतो. आम्हाला हवा होता तसाच.

मनकर्णा रोज ढिगातली एक मोळी चुलीला नेते. पऱ्हाटी संपेल तेव्हा मी उघडा पडेन. तिला आधी छकडा दिसेल की आधी सरपण दिसेल, याचीच मला धास्ती आहे.

तुम्हाला कधी पुंजाराम भेटला, तर एवढं सांगा. बैल चुकले नाहीत, शिकवलं तेच त्यांनी केलं. रस्ता मोकळा असेल अशा एखाद्या संध्याकाळी त्यांना एकदा मला जोडून बघ म्हणावं. फक्त घाटी घरी ठेव.