टाकाने लिहिलेलं नाव

आम्ही नव्वद साली लढाईत कुवेतहून पळालो तेव्हा माझ्या पर्समध्ये तिथल्या घराची किल्ली होती. ती मात्र जपून आणली मी, शहाणी! आमच्या ह्यांचं, म्हणजे नरहररावांचं, इंजिनियरिंगचं सर्टिफिकेट कंपनीच्या तिजोरीत राहिलं. तिकडे पद्धतच तशी. कामावर रुजू झालं की कागद साहेबाच्या ताब्यात. लढाईत कंपनी गेली, तिजोरीही गेली.

हैदराबादला आलो ते आपल्याच गावात निर्वासित होऊन. नल्लकुंट्यात लोक आम्हाला ‘कुवेतवाले’ म्हणत, जशा काही सोन्याच्या विटाच घेऊन उतरलो होतो. सर्टिफिकेटची दुसरी प्रत मागायला गेलं की विद्यापीठाच्या खिडकीवरचा कारकून म्हणायचा, जिथे हरवलं तिथल्या पोलिसांचा दाखला आणा. पाच वर्षं तेच एक उत्तर. चाळिशी उलटलेल्या माणसाला कागदाशिवाय इंजिनियर कोण म्हणणार?

शेवटी ह्यांनी बरकतपुऱ्यात एका गाळ्यात जुना कॉम्प्युटर आणि स्कॅनर मांडला. अमेरिकेला निघालेल्या पोरांचे बायोडेटा टाइप करून द्यायचे. दिवसभर दुसऱ्यांच्या पदव्या छापायच्या आणि घरी येऊन जेवून झोपायचं. मला ते बघवत नसे.

पंचाण्णव साली हिमायतनगरची एक कंपनी कॉम्प्युटर क्लासच्या शाखा देऊ लागली. चालवणारा इंजिनियर हवा, शनिवारपर्यंत सर्टिफिकेट दाखवा, एवढीच अट. हे म्हणाले, सोडून देऊ. मी भडकले.

‘‘पदवी खरी आहे ना तुमची? मग कागद आपण करू. धंदाच आहे तुमचा.’’

ह्यांचे वर्गमित्र मुकुंदराव. त्यांचं सर्टिफिकेट झेरॉक्ससाठी गाळ्यातच पडलं होतं. ह्यांनी ते स्कॅन केलं, त्यांचं नाव पुसलं आणि आपलं घातलं. नाव कसं ठसठशीत टाइप केलं. मीच म्हटलं, अगदी खऱ्यासारखं झालंय.

शनिवारी मीही सोबत गेले. कागद तपासायला कंपनीने आबासाहेब नावाचे एक म्हातारे गृहस्थ बसवले होते, विद्यापीठातून रिटायर झालेले. त्यांनी कागद उजेडात धरला आणि नावावरून बोट फिरवलं.

‘‘त्या वर्षीच्या सर्टिफिकेटांवरची सगळी नावं मी टाकाने लिहिलीत, नरहरराव. तुमचंही. हे मशीनचं आहे.’’

मुकुंदरावांचं नाव शाईचं होतं, आम्ही दोघांनी ते पाहिलंही होतं. पण कॉम्प्युटरपुढे बसून बसून आम्हाला टाइप केलेलंच खरं वाटायला लागलं होतं.

‘‘विद्यापीठाच्या रजिस्टरात अजून नाव आहे तुमचं,’’ आबासाहेब म्हणाले. ‘‘आधी माझ्याकडे आला असता, तर सोबत येऊन दुसरं सर्टिफिकेट काढून दिलं असतं. आता हे बघितल्यावर कोणत्या तोंडाने साक्ष देऊ? कायकू केलं हे?’’

पोलिसांत देत नाही म्हणाले, पण पुन्हा माझ्याकडे येऊ नका. कागद घडी करून परत दिला.

घरी येईपर्यंत हे माझ्यापुढे दोन पावलं चालत राहिले. मला बोलले असते तर बरं झालं असतं, चूक माझीच होती. दारात चपला काढताना एवढंच म्हणाले, फाडून टाक तो.

मी कागद दोन्ही हातांत धरला. ह्यांचं नाव आणि त्याखाली ह्यांची पदवी लिहिलेला घरात तेवढा एकच कागद होता. माझ्याने तो फाडवेना.